नरसाळ्यातला कापूस

नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरल्याने सांगितलं, की त्याच्या गाडीच्या इंजिनाची बेअरिंग गेली. टर्बो म्हणजे काय तेही त्याने मला समजावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर एक चक्र फिरतं, ते आत जास्त हवा कोंबतं, ताकद वाढते आणि बेअरिंगवरचा भारही वाढतो. आता तो सगळं इंजिन उघडून, आधीपेक्षा मजबूत भाग घालून पुन्हा बांधून घेतो आहे. मागून धाकटी म्हणाली, "अरे, आजीला हे कशाला सांगतोस?" मला हसू आलं. बेअरिंग, क्रँक, शेल हे शब्द मला तुमच्या आईच्या जन्माआधीपासून ठाऊक आहेत.

पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. फोन ठेवता ठेवता थोरला म्हणाला, "कोणाची तरी चूक असणारच, आजी. कोणाची ते मी शोधून काढतो." आमच्या घरच्या मोटारीची बेअरिंग गेली तेव्हा चूक कोणाची हे शोधायला कोणाला पाच मिनिटंही लागली नव्हती. उत्तर तेवढं चुकीचं होतं. तुमच्या आईलाही मी हे कधी पूर्ण सांगितलं नाही. अजून माझं अक्षर सरळ येतं, तोवर लिहून ठेवते.

माझं माहेर अकोल्याचं आणि सासर अमरावतीचं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि लग्नानंतर मुलींच्या शाळेत शिकवत होते. तुमचे आजोबा डॉक्टर. दवाखाना अमरावतीत होता, शिवाय आठवड्यातून एक दिवस चांदूर बाजारला आणि एक दिवस परतवाड्याला जात. त्यासाठी घरात एक मोटार होती. लढाईच्या आधीची, विलायती. माझे सासरे तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना मी मामाजी म्हणायची. देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती, आणि तिच्याबरोबर तिचं जाडजूड इंग्रजी पुस्तकही आलं होतं.

मोटार चालवायला एक ड्रायव्हर होते. मी त्यांना दादा म्हणायची. चाळिशीचे, सडपातळ, लढाईत फौजेचे ट्रक चालवलेले. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता. त्याविषयी ते आमच्याकडे काही बोलत नसत. फक्त तेव्हापासून मामाजींना वाकून रामराम करणं त्यांनी बंद केलं. ताठ उभं राहून हात जोडत आणि "नमस्कार, साहेब" म्हणत. मामाजी नमस्कार घेत, पण हा फरक त्यांच्या लक्षात राहिला होता.

माझ्या शिस्तीचं तेव्हा घरात फार कौतुक होतं. बरण्यांवर चिठ्ठ्या, चादरींवर आकडे. असं करत करत माझी नजर मोटारीच्या छपरीपर्यंत पोचली. दादा इंजिनात तेल घालताना नरसाळ्याला जुन्या धोतराची चिंधी बांधत. ती चिंधी काळी कुळकुळीत होती. डॉक्टरांच्या मोटारीला असलं फडकं मला बघवेना. दवाखान्यात कंपाउंडर औषध गाळायचे ते नरसाळ्यात कापसाचा बोळा बसवून. पांढराशुभ्र कापूस, खालून स्वच्छ औषध. मी एक डबाभर पिंजलेला कापूस छपरीत नेऊन ठेवला आणि दादांना सांगितलं, की यापुढे तेल यातून गाळायचं.

दादांनी डब्यात पाहिलं. "बाई, इंजिनाले कापूस चालत नाही. धोतराची चिंधी बरी. तिचे तंतू निंगत नाहीत."

"चिंधी घाण आहे, दादा. दवाखान्यात औषधसुद्धा कापसातूनच गाळतात."

"औषध पोटात जाते, बाई. पोट हागून टाकते. इंजिन कुठी टाकन?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. तेव्हा माझे कान लाल झाले होते. मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हटलं, "मी सांगते तसं करा," आणि ती चिंधी स्वतः उचलून चुलीत टाकली. दादांनी मग तसंच केलं.

तीन-चार महिने गेले. एका संध्याकाळी तुमचे आजोबा परतवाड्याहून यायचे होते, ते वेळेवर आले नाहीत. अंधार पडता पडता फाटकाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पुढे एक बैलजोडी, तिच्या मागे दोरखंडाने बांधलेली आमची मोटार, स्टिअरिंगवर दादा आणि मागच्या सीटवर मांडीवर औषधांची पेटी घेतलेले डॉक्टर. आजोबांना त्याचं हसूच येत होतं. दादांना येत नव्हतं. वाटेत इंजिनातून टक-टक असा आवाज आला, तो ऐकून त्यांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं होतं.

मोटार बडनेरा रोडवरच्या मिस्त्रींकडे ओढून नेली. हे मिस्त्री म्हातारे, पांढऱ्या दाढीचे, अर्धं हिंदी आणि अर्धं वऱ्हाडी बोलणारे. त्यांना हात लावताच यंत्र कळे, पण इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून मोटारीचं पुस्तक वाचून दाखवायला मला बोलावलं. शाळेला सुट्टी होती. मामाजीही आले. कडूलिंबाच्या आडव्या फांदीला साखळीची कप्पी टांगून मिस्त्रींनी इंजिन वर उचललं आणि खालचं चेंबर खोललं. चेंबर म्हणजे इंजिनाखालची तेलाची परात. तिच्यात तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडावर एक बारीक जाळी असते. त्या जाळीवर काळा, चिवट थर बसला होता. मिस्त्रींनी तो नखाने सोलला, रॉकेलात खळबळला आणि उन्हात धरला. तो पांढरट झाला.

"ये तो रुई है!" मिस्त्री म्हणाले. "अरे बाप्पा, इंजिनात गादी कोनं भरली?"

त्यांच्याकडची माणसं हसली. मिस्त्रींनी सगळं उलगडून सांगितलं. तंतू तेलाबरोबर आत गेले, जाळीवर साचले, तेल वर चढेना, आणि क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याला, धरणाऱ्या बेअरिंगचा पांढरा धातू कोरडा पडून वितळला. क्रँकवरही चरे पडले होते. आणखी मैलभर मोटार चालली असती तर क्रँक तुटून इंजिन फुटलं असतं.

मामाजी दादांकडे वळले. "इतकी वर्षं मोटार चालोली अन् एवढंही समजत नाही तुले? आजकाल तुमा लोकांले आपलंच खरं वाटते. कोनाचं आयकाचं नाही."

दादा काही बोलले नाहीत.

"इंजिन तयार होईस्तोवर राहा," मामाजी म्हणाले. "मंग दुसरा मानूस पाहू."

मी तिथेच होते. पुस्तक माझ्या हातात उघडं होतं. मी पुढचं पान वाचायला घेतलं.

इंजिन पुन्हा बांधायला महिना-दीड महिना लागला. मिस्त्रींचं म्हणणं, की आहे तसं पुन्हा करण्यात अर्थ नाही. जुन्या पद्धतीत पांढरा धातू वितळवून क्रँकला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या भोकातच ओतायचा आणि पातीने खरवडून क्रँकशी जुळवायचा. तो पुन्हा गेला, की पुन्हा तेच. त्यापेक्षा रॉड आतून कापून मोठे करायचे आणि नव्या गाड्यांना येतात तसे शेल त्यात बसवायचे. शेल म्हणजे पातळ, अर्धगोल तयार बेअरिंग. झिजले, की काढून दुसरे घालता येतात. शिवाय ट्रॅक्टरला असतो तसा तेलाचा फिल्टर इंजिनाच्या बाहेर लावायचा. तो आमच्या मोटारीला मुळात नव्हताच. आजोबांनी सगळ्याला होकार दिला.

मी रोज सकाळी जाऊन वाचत असे. पहिल्याच दिवशी अडले. मिस्त्रींनी विचारलं, "बाई, बेअरिंग अन् क्रँकच्या मंदात किती जागा लिहिली?" मी वाचलं, "टू दाऊ." आणि थांबले. दाऊ म्हणजे जुन्या इंग्रजीत "तू." कॉलेजात आम्ही पानंच्या पानं वाचली होती त्या दाऊची. बेअरिंगच्या पुस्तकात दोन "तू" कुठून आले ते मला कळेना.

मिस्त्री म्हणाले, "दाऊ नाही, बाई, थाऊ. इंचाचे हजार तुकडे करा, त्यातले दोन." मग त्यांनी सिगारेटचा पातळ कागद माझ्या बोटात दिला. "हे पाहा. हा एक थाऊ." मी तो कागद दोन बोटांत चोळून पाहिला. मापाचा हा शब्द मला इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसाकडून शिकावा लागला. मी वही आणली आणि पुस्तकातली एकेक पायरी मराठीत उतरवू लागले.

दादा रोज तिथे असत. नट-बोल्ट धुणं, भाग ओळीने मांडणं, सगळं करत. मिस्त्रींकडची माणसं त्यांना "गादीवाले" म्हणत. "ओ गादीवाले, तेवढा पाना द्या." दादा पाना देत.

क्रँकवरचे चरे घासून तो गुळगुळीत करायचं यंत्र अकोल्याला होतं. जिनिंगच्या यंत्रांची कामं करणारा तो कारखाना माझ्या वडिलांच्या ओळखीचा होता. आजोबांना दवाखाना सोडता येईना. मग ठरलं, की मी माहेरी जावं, पुस्तकातली मापं मीच तिथे वाचून दाखवावीत आणि दादांनी क्रँक घेऊन बरोबर यावं.

क्रँक गोधडीत गुंडाळला होता. बडनेऱ्याला गाडी बदलली. डब्यात समोरासमोर बाकांवर आम्ही दोघं आणि मध्ये ती गोधडी. शेजारी बसलेल्या एका म्हातारीला राहवेना.

"काय हाये वो बाई ह्या गोधडीत? सतार हाये काय?"

"इंजिनाच्या पाठीचं हाड हाये, माय," दादा म्हणाले.

"मंग डाक्तरकडे नेऊन राहिले?"

"डाक्तरच्याच घरून आनलं."

म्हातारी मूर्तिजापूरला उतरली. आमच्या बाकांवर दुसरं कोणी आलं नाही. मी शेवटी विचारलं, "दादा, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलाचं होतं?"

"की कापूस मी घालायला लावला."

दादा खिडकीबाहेर बघत होते. "मी सांगतलं असतं, तर सुनेवर ढकलून राहिला, असं झालं असतं. तुमी सांगतलं असतं, तर ते खरं झालं असतं." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मी तुमच्याकडे पाह्यलं होतं, बाई. तुमी पुस्तकात पाहून राहिल्या होत्या."

मी गोधडीची सैल झालेली गाठ पुन्हा आवळली.

"नोकरीचं काही नाही," ते म्हणाले. "सरकारी बसवर मानसं घेऊन राहिले. पन माह्या हातानं इंजिन गेलं, असं गावभर झालं ना. फौजेत मी बरसत्या पान्यात ट्रकाचं इंजिन खोललेलं हाये. अन् आता मी गादीवाला."

अकोल्याच्या कारखान्यात मी मापं वाचली. कारागिराने क्रँक यंत्राला लावला आणि दिवसभर थोडा थोडा घासून काढला. दादा त्याच्याजवळ उभे होते. काम झाल्यावर दादांनी डोळे मिटून क्रँकवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. चार दिवस माहेरी राहायचं ठरलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी परत निघाले.

अमरावतीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी ओसरीवर चहा घेत होते. मी उभ्यानेच सांगितलं. नरसाळं, कापूस, दादांनी केलेला विरोध, चुलीत टाकलेली चिंधी. काही वगळलं नाही. फक्त ते पोटाचं वाक्य सांगितलं नाही.

मामाजींनी कप खाली ठेवला. "झालं ते झालं. लोकांले जे माहीत हाये, ते राहू दे. आता घरच्या सुनेनं ड्रायव्हरपुढं मान खाली घालाची काय?"

"मान माझी आहे, मामाजी. मी घालीन."

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. आजोबा दवाखान्यात जायला निघाले होते, ते दारातच थांबले. "बाबा, कापूस माझ्या दवाखान्यातली रीत पाहून गेला," ते म्हणाले. "तर थोडा गुन्हा कंपाउंडरचाही धरा." मामाजी हसले नाहीत. उठून आत गेले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत आणि दुसऱ्या माणसाचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही.

इंजिन चालू करायच्या दिवशी आम्ही सगळे मिस्त्रींकडे गेलो. नवे शेल बसले होते, बाहेर फिल्टर लागला होता, इंजिन परत मोटारीत उतरलं होतं. मिस्त्री आणि त्यांची तीन-चार माणसं उभी होती. मी पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कापूस दादांनी घातला नव्हता. मी घालायला लावला. त्यांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर गप्प बसले. दादा, माझं चुकलं."

मिस्त्रींनी दाढीवरून हात फिरवला. "म्हंजे गादीवाले नाही, गादीवा…" आणि त्यांनी जीभ चावली.

"गादीवाली," मी पुरं केलं.

तेव्हा हसू फुटलं. दादा मात्र हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "मी सांगतलंच होतं, बाई." रागाने नाही. फक्त नोंद करावी तसं.

मामाजींनी खिशातून किल्ली काढली. माफी वगैरे त्यांच्या तोंडून निघणार नव्हती, आणि निघालीही नाही. त्यांनी किल्ली दादांपुढे धरली. "चालव."

दादांनी हात पुढे केला नाही. "साहेब, दोन गोष्टी. तेलाले माह्याशिवाय कोनी हात लावाचा नाही. अन् तेलाचा दाब दाखवनारा काटा मले समोर पाह्यजे. आवाज आल्यावर समजून काय फायदा?"

तेलाच्या दाबाचं मापक आमच्या मोटारीला कधीच नव्हतं. मामाजींनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री आत गेले आणि फौजेच्या एका मोडक्या ट्रकाचं मापक घेऊन आले. पितळी कडा, काळी तबकडी, पांढरा काटा. ते बसवायला दुपार झाली. तोपर्यंत मामाजी लिंबाखाली खुर्चीवर बसून राहिले. घरी गेले नाहीत. काम झाल्यावर ते पुन्हा उठले आणि म्हणाले, "घ्या. चालवा." सकाळी "चालव" होतं. हा फरक माझ्या लक्षात आला आणि दादांच्याही आला असावा. त्यांनी किल्ली घेतली.

इंजिन चालू झालं. काटा थरथरत वर चढला आणि थांबला. मिस्त्री कान देऊन ऐकत होते. "मस्त. पन पाचशे मैल जोर द्याचा नाही, भाऊ. नवी सून समजून चालवा."

"सुनेले कोन जोर देते, मिस्त्री?" दादा म्हणाले. "सूनच देते." त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. मामाजींनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

दादा आमच्याकडे आणखी दीड वर्ष होते. मग सरकारी बसवर लागले. जाताना त्यांनी मला छपरीत नेऊन तेल कसं बदलायचं ते पहिल्यापासून दाखवलं आणि म्हणाले, "आता तुमाले हात लावाले हरकत नाही." धोतराची स्वच्छ धुतलेली चिंधी त्यांनी घरूनच आणली होती. पुढे काही वर्षं, कोणी नवा ड्रायव्हर असो वा नसो, तेल मीच बदलत असे.

थोरल्या, तुझ्या इंजिनात काय झालं ते तू जरूर शोध. पण जो माणूस गप्प उभा असेल त्याला आधी विचार, आणि विचारायच्या आधी स्वतःच्या हाताकडे एकदा पाहा. एवढंच मला सांगायचं होतं.

दादा आता नाहीत. मिस्त्री, मामाजी आणि तुमचे आजोबाही नाहीत. साठच्या दशकात मोटार चांदूर बाजारकडच्या एका संत्रेवाल्याने घेतली. काही वर्षांनी तिचं इंजिन काढून त्याने विहिरीच्या पंपाला जोडलं, असं ऐकलं. पुढचं माहीत नाही. मोटार विकताना मी एक वस्तू काढून ठेवली होती. पितळी कडेचं ते मापक माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. काच तडकली आहे. काटा शाबूत आहे.